तारे मोजून झाले असतील, तर थोडं सिनेमाबद्दल बोलू
(मनोरंजन विभागांच्या संपादकांना खुलं पत्र)

प्रति,
वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि वृत्तसंकेतस्थळांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे त्याचं परीक्षण येतं. हल्ली तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबावं लागत नाही. पहिला खेळ सुटायच्या आत साडेतीन तारे पडलेले असतात. त्या परीक्षणाचा साचा आता वाचकांनाही पाठ झाला आहे. आधी दोन परिच्छेद कथानक, तेही मध्यंतरापर्यंतचं. मग अमक्याने भूमिकेला न्याय दिला आहे, तमकीने छाप पाडली आहे. छायाचित्रण नेत्रसुखद, पार्श्वसंगीत कथेला पूरक, संकलन आणखी धारदार हवं होतं. उत्तरार्धात चित्रपट जरा रेंगाळतो. आणि शेवटी, 'डोकं घरी ठेवून गेलात तर पैसा वसूल'. नावं बदलली की हाच मजकूर पुढच्या शुक्रवारीही खपतो.

माझी तक्रार हे लिहिणाऱ्यांबद्दल नाही. खेळ संपल्यावर तासाभरात तीनशे शब्द पाडायला सांगितले, तर कोणीही हेच लिहील. तक्रार आहे ती तुमच्या वाटपाबद्दल. सिनेमा कळणारी आणि बरं लिहिणारी माणसं तुमच्याकडे आहेत. त्यांना तुम्ही महोत्सवांना पाठवता, एखादे बुजुर्ग दिग्दर्शक गेले की अर्धं पान देता, परदेशात गाजलेल्या चित्रपटावर ऐसपैस लिहू देता. ज्या सिनेमाला खरोखर झुंडीने लोक जातात, त्याच्या वाट्याला मात्र फक्त तारे येतात. थोडक्यात, विचार करायचा तो मोजके लोक बघतात त्या सिनेमाचा, आणि गर्दीच्या सिनेमाची नुसती प्रतवारी करायची. ही वाटणी उलटी झाली आहे, असं माझं ठाम मत आहे.

कलात्मक म्हणवणारा सिनेमा आपली शैली झाकत नाही. कॅमेरा मिनिटभर हलला नाही, तर सावध प्रेक्षकाला आपोआप कळतं की इथे काहीतरी म्हणायचं आहे. धंदेवाईक सिनेमाचं तसं नसतं. त्यातली कारागिरी दिसली की तो फसला. आपण हसायचं, दचकायचं, शिट्ट्या वाजवायच्या आणि हे आपल्याकडून कोणी करवून घेतलं याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हेच तर त्याचं कसब. म्हणून तो उलगडून सांगणारा माणूस तिथे जास्त लागतो.

'शोले'तला ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवून बघा. सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून तोच घेतो. गोळी लागली की माणूस पडता पडता पडद्यावर गोठतो. एकामागून एक. मध्येच झोक्याची करकर. शेवटी लहान मुलगा उरतो. त्याच्यासमोर घोड्यावरचा गब्बर, रोखलेली बंदूक, आणि गोळीच्या आवाजासरशी दृश्य थेट रेल्वे स्थानकावर जातं. ठाकूर आनंदाने घरी यायला निघालेला. मुलाचा मृत्यू दाखवलेलाच नाही, तरी अनेकांना तो पाहिल्यासारखा आठवतो. पुढे अंगणात पांढऱ्या चादरींखाली झाकलेली प्रेतं आणि वाऱ्याने उडणाऱ्या त्या चादरी. इथे संवाद जवळजवळ नाहीतच. तीन तासांच्या, संवादांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटातला सर्वांत घाव घालणारा भाग मुका आहे आणि तो संकलनाच्या टेबलावर घडलेला आहे. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला त्या वर्षी फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. 'संकलन आणखी धारदार हवं होतं' हे वाक्य सवयीने टाइप करणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा नुसता आवाज ऐकून बघावा.

हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीच्या बऱ्याच परीक्षणांनी त्याला झिडकारलं होतं, हे आता सर्वांना माहीत आहे आणि समीक्षकांना टोमणे मारायला ते नेहमी वापरलं जातं. 'बघा, समीक्षकांना काय कळतं!' मला त्यातून निराळंच काहीतरी दिसतं. ती परीक्षणं चुकली ती चालेल की पडेल याचा निवाडा करायला गेली म्हणून. भाकीत हा समीक्षेचा धंदाच नाही. त्या आठवड्यात विचारण्यासारखे प्रश्न दुसरेच होते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी मारून टाकतो. सेन्सॉरच्या आग्रहाखातर पोलीस वेळेवर पोचतात असा शेवट करावा लागला. देशात आणीबाणी लागू असताना. हात तोडले गेलेल्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा बाजूला ठेवून भाडोत्री गुन्हेगार आणले, सबंध चित्रपटभर आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो, आणि ऐन वेळी कायदा येऊन त्याचा पाय अडवतो. या शेवटाने आधीच्या सगळ्या गोष्टीचं काय होतं? यावर दीड हजार शब्द सहज होतील आणि त्यातला एकही शब्द तिकीट काढावं की नाही याबद्दल नसेल.

लोकप्रिय सिनेमाला असं गंभीरपणे घेणं म्हणजे उगाच सोवळं नेसवणं नव्हे. हे काम जगात अनेकांनी केलेलं आहे, आणि सिनेमाचा इतिहास त्यामुळे बदललेला आहे. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये 'काइए द्यु सिनेमा' हे मासिक सुरू झालं. समीक्षक आंद्रे बाझँ संस्थापकांपैकी एक. त्यांच्याभोवती जमलेली त्रुफो, रोमेर, शाब्रोल ही, पुढे स्वतः दिग्दर्शक झालेली पोरं हॉलिवूडच्या बाजारू समजल्या जाणाऱ्या दिग्दर्शकांवर भरभरून लिहीत सुटली. आल्फ्रेड हिचकॉक तेव्हा रहस्यपटांचा यशस्वी कारागीर म्हणून ओळखला जायचा, फार तर 'भयाचा बादशहा'. त्याच्यावर रोमेर आणि शाब्रोलने १९५७ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. १९६२ मध्ये त्रुफोने त्याला समोर बसवून, चित्रपटामागून चित्रपट घेत, हा शॉट असा का लावलास हे विचारलं. त्या मुलाखती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. १९६५ मध्ये इंग्लंडात समीक्षक रॉबिन वुडने तर आपल्या पुस्तकाची सुरुवातच, हिचकॉकला गांभीर्याने का घ्यायचं, या प्रश्नाने केली.

याचा परिणाम मोजायचाच असेल तर एक आकडा आहे, आणि तो ताऱ्यांचा नाही. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ मध्ये आला तेव्हा त्याचं स्वागत थंडच झालं होतं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ आणि १९७२ च्या पहिल्या दहांत हा चित्रपट नव्हता. १९८२ मध्ये तो यादीत आला, २००२ मध्ये दुसरा झाला आणि २०१२ मध्ये पहिला, पन्नास वर्षं तिथे ठाण मांडून बसलेल्या 'सिटिझन केन'ला हटवून. चित्रपटातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. बदललं ते बघणं. ते बदलवलं लिहिणाऱ्यांनी, आणि त्यांना पानं देणारे संपादक होते म्हणून ते लिहू शकले.

संपादकांचा विषय निघालाच आहे तर १९६७ सालाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण त्या गोष्टीतली खरी पात्रं तुमच्याच जातकुळीची आहेत. 'बॉनी अँड क्लाइड' हा दरोडेखोर जोडप्याचा चित्रपट त्या ऑगस्टमध्ये आला. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर तेव्हा अमेरिकेतले सर्वांत वजनदार समीक्षक. त्यांनी तो पार मोडीत काढला, पुन्हा पुन्हा. 'न्यूजवीक'च्या जो मॉर्गनस्टर्न यांनीही झोडला. मग ते तोच चित्रपट भरल्या थिएटरात प्रेक्षकांबरोबर पुन्हा बघून आले आणि पुढच्याच अंकात लिहिलं की माझं आधीचं परीक्षण चुकलं होतं. साप्ताहिकाने ते छापलं. विचार करा, आज तुमच्यापैकी कोण छापेल? आपल्याच माणसाने आठ दिवसांत मत फिरवलं म्हणून वाचक काय म्हणतील, याचीच चिंता आधी.

पण मोठं काम केलं ते समीक्षक पॉलिन केलने. तिचा सुमारे सात हजार शब्दांचा लेख एका नियतकालिकाने नाकारला. तो 'न्यूयॉर्कर'ने ऑक्टोबरमध्ये छापला, म्हणजे चित्रपट लागून दोन महिने उलटल्यावर! आजच्या हिशेबाने शिळ्या चित्रपटावर. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. बँक लुटायला टोळी आत गेलेली असताना बाहेर गाडीत थांबलेला चालक रिकामी जागा दिसली म्हणून गाडी व्यवस्थित पार्क करून ठेवतो. पळायच्या वेळी ती निघता निघत नाही. थिएटरात हशा. तेवढ्यात बँकेचा एक माणूस धावत्या गाडीला लटकतो आणि क्लाइड त्याच्या तोंडावर गोळी झाडतो. हसू ओठांवर असतानाच. क्राउदरना यात हिंसेची थट्टा दिसली. केलने दाखवून दिलं ते असं की थट्टा आपली झाली आहे, आपण हसत असताना पकडले गेलो आहोत आणि म्हणूनच मरण इथे मरणासारखं लागतं. चित्रपट एकच, प्रसंगही तेच. तिला वेळ आणि जागा मिळाली होती, इतकंच म्हणून तिचं श्रेय काढून घ्यायचं नाही मला, पण वेळ आणि जागा नसती तर हे लिहून झालं नसतं हेही खरं. पुढच्या वर्षी क्राउदर त्या पदावर राहिले नाहीत आणि केल 'न्यूयॉर्कर'ची नियमित समीक्षक झाली.

आता ताऱ्यांकडे येतो. तारे मुळातूनच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने आयुष्यभर तारे दिले, टीव्हीवर अंगठाही वर-खाली केला, आणि तरी चित्रपट समीक्षेसाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळवणारा तो पहिला, १९७५ मध्ये. पण त्याने हेही स्पष्ट केलं होतं की आपले तारे सापेक्ष असतात. सुपरहिरोच्या चित्रपटाची तुलना सुपरहिरोच्या चित्रपटांशी, कौटुंबिक शोकांतिकेशी नव्हे. वाचकांपर्यंत हा खुलासा पोचतच नाही. त्यांच्यापर्यंत फक्त आकडा पोचतो आणि आकडे एकमेकांशी लढू लागतात.

टक्केवारीचं तर त्याहून वाईट. १९९८ पासून चालत आलेल्या, परीक्षणं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटाला ९५ टक्के दिसले, की तो शंभरात पंचाण्णव गुणांचा चित्रपट असल्यासारखं बोललं जातं. ती टक्केवारी अनुकूल परीक्षणांचं प्रमाण असते, बस. शंभर जणांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' एवढंच म्हटलं तरी शंभर टक्के. साठ जणांना तो आयुष्यातला सर्वांत मोठा अनुभव वाटला आणि चाळीस जण चिडून बाहेर पडले, तर साठ. यातला दुसरा चित्रपट निश्चितच जास्त बोलण्यासारखा आहे. पण बातमी होते ती पहिल्याची. तुम्हीच करता.

बरं, विचारपूर्वक लिहायचं म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न तुमच्या बैठकीत निघेल. जड शब्द वापरणं नक्कीच नाही. 'उत्तरार्धात रेंगाळतो' एवढंच घेऊ. का रेंगाळतो? मध्यंतर असलेल्या सिनेमात पटकथा दोन शिखरांची लिहावी लागते. मध्यंतराच्या ठोक्याला प्रेक्षक हादरून बाहेर गेला पाहिजे म्हणून लेखक आपलं मोठं रहस्य तिथेच फोडून टाकतो. नायक खरा कोण, खलनायक कोण, सगळं कळून चुकतं. मग परत आल्यावर अर्धा तास पूर्वेतिहास. ज्याचं उत्तर आधीच मिळालं आहे, त्याचं स्पष्टीकरण आपण बघत बसतो. त्यात नायक इतका अजिंक्य दाखवलेला असतो की शेवटच्या मारामारीत धोका कसला तेच कळत नाही. म्हणून दृश्यं लांबतात, आवाज वाढतो, माणसं हवेत जास्त उंच उडतात. हे कोणी नीट सांगितलं की वाचक पुढचा सिनेमा निराळ्या डोळ्यांनी बघतो. लेखक-दिग्दर्शकालाही 'रेंगाळतो' या शब्दापेक्षा हे जास्त उपयोगी. तो शब्द ऐकून निर्माता फक्त दहा मिनिटं कापायला सांगतो, आणि कापतात ते बहुधा नेमके चांगले प्रसंग.

दुसरं उदाहरण द्यायचं तर कॅमेरा कुठे उभा आहे याचं. नायक मुलीच्या मागे लागतो, ती चिडते, गाणं संपेपर्यंत हसते. यावर हल्ली दोन प्रकारचं लिहिलं जातं. एक, 'निखळ करमणूक, उगाच खोट काढू नका'. दुसरं, पोलिसी गुन्ह्यांची यादी. दोन्हींत चित्रपट बघितलेलाच नसतो. बघायचं ते हे, की गाण्यात एक तरी शॉट तिच्या नजरेतून आहे का, की आपण सगळा वेळ त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघतोय? विनोद झाला तेव्हा हसणारे चेहरे कोणाचे दाखवले? चित्रपट अभ्यासक लॉरा मल्वी यांचा १९७५ मधला, पुढे जगभर अभ्यासला गेलेला निबंध याच प्रश्नांचा आहे, आणि तो प्रायोगिक सिनेमा बघून सुचलेला नव्हता. हॉलिवूडच्या मुख्य प्रवाहातले, हिचकॉकसारख्यांचे चित्रपट बघून सुचलेला होता. लाखो लोक एकत्र बसून काय गोड मानून घेतात, हे गर्दीच्या सिनेमातच कळणार ना?

आणि एक सांगतो, तुम्हाला आवडणार नाही. तुमच्याकडे तारे देणाऱ्यांच्या खालोखाल खप आहे तो खिल्ली उडवणाऱ्यांना. पडलेल्या चित्रपटावर तुटून पडायचं, प्रत्येक वाक्यात एक कोटी. वाचायला मजा येते, मलाही येते. पण त्यातलं बहुतेक लेखन 'डोकं घरी ठेवा' या सल्ल्याचंच जुळं भावंड आहे. दोघांनीही आधीच ठरवलेलं असतं की या चित्रपटात विचार करण्यासारखं काही असणार नाही. फसलेल्या लोकप्रिय चित्रपटातही एखादं गाणं, एखादा सहायक नट, एखादा धाडसी प्रसंग जिवंत असतो. तो शोधून काढायला जास्त अक्कल लागते.

निर्मात्यांची बाजूही मला माहीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. चित्रपट लागल्यापासून पहिले तीन दिवस परीक्षणं येऊ देऊ नयेत, अशी मागणी. न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला, ते योग्यच झालं. मत मांडायला मुहूर्त ठरवून देण्याचा अधिकार कोणालाच नको. पण मागणी का झाली याचा विचार तुम्ही केलात का? पहिल्या खेळाच्या मध्यंतरात मोबाइल समोर धरून 'बकवास' ओरडणारा आणि तुमचा समीक्षक, हे निर्मात्याला एकाच रांगेतले दिसू लागले आहेत. घाईत तुम्ही त्याच्याशी शर्यत लावलीत, ती हरणारच होतात. त्याला खेळ संपायचीही वाट बघायची नसते!

म्हणून माझं मागणं फार नाही. पहिल्या दिवशीची छोटी नोंद ठेवा हवी तर, तारेही ठेवा. त्याशिवाय, दुसऱ्या आठवड्यात, त्या काळातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटावर एक मोठा लेख द्या. आवडीचा नव्हे, गर्दीचा चित्रपट. लेखकाला तो दोनदा बघू द्या, त्यातला एक खेळ साध्या प्रेक्षकांबरोबर. शेवट सांगून टाकायची मुभा द्या. वर ठळक अक्षरांत तसं लिहा म्हणजे झालं. शेवटाबद्दल न बोलता चित्रपटाबद्दल बोलायचं ही कसरत समीक्षेला पांगळं करते. आणि लेखाखाली आकडा छापू नका, नाहीतर लोक तोच वाचतील.

लेख आल्यावर एखाद्या नटाचे चाहते तुटून पडतील. लेखकाच्या घरच्यांपर्यंत जातील. अशा वेळी लेख गुपचूप काढून टाकणं किंवा मथळा मवाळ करणं, असले प्रकार करू नका. चूक असेल तर मॉर्गनस्टर्नसारखी चूक जाहीर करा, नसेल तर लेखकाच्या मागे आपल्या नावानिशी उभे राहा. जाहिरात विभागाचा फोन येईलच. त्याच चित्रपटाची पानभर जाहिरात शेजारी असेल तेव्हा तर हमखास. त्यावर उपाय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

शेवटचा मुद्दा पैशांचा. लेखकाचं तिकीट तुमच्या खर्चाने काढा, दोन्ही वेळचं. निर्मात्याने भरवलेल्या खास खेळाला, दिग्दर्शकाशी हस्तांदोलन करून, हातात चहाचा कप घेऊन चित्रपट बघितलेला माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी वाचक त्याच्याकडे संशयानेच बघणार. आणि लेखाचं मानधन छायाचित्रांच्या मालिकेपेक्षा कमी नसावं, एवढं बघा.

आपला,
पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एक वाचक